संगणकावरील पर्जन्यसारणी : मितींचा क्रम आणि नेरडीगोंड्याचा पाऊस

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर, आदिलाबाद आणि निर्मळ यांच्या दरम्यान, नेरडीगोंडा हे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे मंडल-ठिकाण आहे. कडम नदीवरील कुंतला धबधबा याच मंडलात येतो. धबधब्याखालून निघालेले पाणी पुढे कडम धरणात आणि तेथून गोदावरीस मिळते. जुलै २०२२ मध्ये या धरणात त्याच्या विसर्गक्षमतेहून अधिक पाणी येऊन थडकले व खालच्या गावांतील लोकांना स्थलांतर करावे लागले. अशा पुरानंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो : वरच्या खोऱ्यात कोणत्या दिवशी किती पाऊस झाला? हा प्रश्न पाटबंधारे खात्यास पडतो, पीकहानीचा विचार करणाऱ्या अधिकाऱ्यास पडतो आणि कापसाची पेरणी दोनदा करावी लागलेल्या शेतकऱ्यासही पडतो.

या प्रश्नाचे उत्तर आता बहुधा संगणकावरील सारणीतून काढले जाते. उत्तर काढताना आकडेमोड चुकत नाही, यंत्रही बिघडत नाही. तरीसुद्धा नेरडीगोंड्याच्या नावावर भलत्याच गावाचा पाऊस लिहिला जाऊ शकतो. हे कसे घडते, हे समजून घेण्यास संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. रांगा आणि ओळी मोजता आल्या म्हणजे पुरे.

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ साली झाली व १९२८ साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले. तथापि हवामानाच्या दीर्घकालीन नोंदींचे काम आजही पुण्याच्या कार्यालयात चालते. देशभरातील ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून या विभागाने १९०१ पासूनच्या दैनंदिन पावसाची एक सारणी सिद्ध केली व २०१४ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. या सारणीसाठी देशाच्या नकाशावर पाव अंशाच्या अंतराने उभ्या-आडव्या रेषा कल्पिलेल्या असून प्रत्येक छेदबिंदूवर त्या दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. रेखांश ६६.५ पासून १००.० पर्यंत, म्हणजे १३५ बिंदू, अक्षांश ६.५ पासून ३८.५ पर्यंत, म्हणजे १२९ बिंदू. एका दिवसाचे आकडे १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ भरतात. साध्या वर्षाचे ३६५ दिवस धरले तर ही संख्या ६३,५६,४७५ होते.

ही सारणी तीन मितींची आहे असे म्हणतात. रेखांश ही एक मिती, अक्षांश ही दुसरी आणि दिवस ही तिसरी. परंतु विभागाकडून मिळणाऱ्या द्विमान पद्धतीच्या फाईलमध्ये रेषाही नसतात आणि रकानेही नसतात. तेथे साडेत्रेसष्ट लाख आकडे एकापाठोपाठ एक, मण्यांच्या सरीसारखे, ओवलेले असतात. कोणता मणी कोणत्या गावाचा, हे मण्यावर लिहिलेले नसते. ते ठरते केवळ ओवण्याच्या क्रमावरून.

आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा असल्याने येथे एक उदाहरण सहज देता येईल. चौफुली पद्धतीने कापूस लावला म्हणजे झाडे उभ्या ओळीतही येतात आणि आडव्या ओळीतही. कोळपे उभे घालता येते, तसेच आडवेही. शेत तेच, झाडे तीच. पण कोळपे ज्या क्रमाने झाडांजवळून जाते तो क्रम दोन्ही वेळा वेगळा असतो. आता एखाद्या गड्याने आडव्या फेरीत प्रत्येक झाडाची बोंडे मोजून आकडे एकाखाली एक लिहिले आणि दुसऱ्याने ती यादी उभ्या फेरीची समजून वाचली, तर बोंडांची एकूण बेरीज बरोबर येईल. झाडांची संख्याही जुळेल. मात्र कोणत्या झाडास किती बोंडे, हे जवळजवळ सर्वत्र चुकेल.

संगणकाच्या निरनिराळ्या भाषांमध्ये नेमका हाच फरक आहे. गणिती कामासाठी निघालेली फोर्ट्रान ही भाषा आय.बी.एम. कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९५७ साली उपयोगात आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सी.डी.सी. ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा शास्त्रीय गणिते लिहिण्याची मुख्य भाषा हीच होती. फोर्ट्रान उभे कोळपते : सारणीचा पहिला क्रमांक सर्वांत वेगाने बदलतो. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डेनिस रिची यांनी घडविलेली सी ही भाषा आडवे कोळपते : तीत शेवटचा क्रमांक सर्वांत वेगाने बदलतो. मॅटलॅब, आर आणि ज्युलिया यांनी फोर्ट्रानची रीत उचलली. पायथन भाषेतील नमपाय हा संच, काही वेगळे न सांगितल्यास, सीची रीत पाळतो. कोणतीही एक रीत श्रेष्ठ आहे असे मानण्याचे कारण नाही. दोन्ही सोयीच्या आहेत आणि दोन्हींवर उत्तम कामे झालेली आहेत. अडचण येते ती एका भाषेत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या भाषेत उतरवताना.

शिक्षकांना हे फळ्यावर दाखविता येईल. नेरडीगोंडा, बोथ व उटनूर अशी तीन गावे आणि चार दिवस घ्यावेत. पावसाऐवजी १ ते १२ हे आकडेच भरावेत : नेरडीगोंड्याच्या रांगेत १, २, ३, ४, बोथच्या रांगेत ५, ६, ७, ८, उटनूरच्या रांगेत ९ ते १२. रांगेमागून रांग लिहून काढली की १ ते १२ अशी सरळ यादी मिळते. आता हीच यादी दुसऱ्या विद्यार्थ्याने तीन रांगा व चार स्तंभांच्या रिकाम्या चौकटीत स्तंभामागून स्तंभ भरावी. नेरडीगोंड्याच्या रांगेत १, ४, ७, १० येतील. त्यांपैकी ७ हा बोथचा तिसऱ्या दिवसाचा आणि १० हा उटनूरचा दुसऱ्या दिवसाचा आकडा आहे. विशेष हे की पहिला आकडा १ आणि शेवटचा आकडा १२ आपापल्या जागी अचूक राहतात. कार्यालयांत तपासणी बहुधा पहिली व शेवटची नोंद पाहूनच होते आणि ही चूक नेमकी त्या दोन ठिकाणी दिसत नाही.

आता प्रत्यक्ष सारणीकडे वळावे. नेरडीगोंडा साधारणपणे १९.३ अंश उत्तर अक्षांशावर व ७८.४ अंश पूर्व रेखांशावर आहे. सारणीतील सर्वांत जवळचा बिंदू १९.२५ उत्तर, ७८.५० पूर्व हा होय. विभागाच्या फाईलमध्ये आरंभ नैऋत्य कोपऱ्यातून होतो. प्रथम पश्चिमेकडून पूर्वेकडे एक ओळ पूर्ण होते, मग पाव अंश उत्तरेची ओळ लागते आणि सर्व ओळी संपल्या की दुसरा दिवस सुरू होतो. एकपासून मोजल्यास या बिंदूचा अक्षांश ५२ वा आणि रेखांश ४९ वा येतो. त्याच्या खाली पूर्ण भरलेल्या ५१ ओळी, प्रत्येकी १३५ आकड्यांच्या, म्हणजे ६,८८५. त्यात ४९ मिळविले की दिवसाच्या सरीतील ६,९३४ वा मणी हा नेरडीगोंड्याचा.

या क्रमाची सारणी सीमध्ये किंवा नमपायमध्ये ३६५, १२९, १३५ अशा मितींनी घोषित करावी लागते. फोर्ट्रान, मॅटलॅब, आर व ज्युलिया यांत तीच सारणी १३५, १२९, ३६५ अशी, म्हणजे नेमकी उलट्या क्रमाने लिहावी लागते. लिहिणाऱ्याने हे उलटणे विसरून एका दिवसाची सारणी मॅटलॅबमध्ये १२९ रांगा व १३५ स्तंभ अशी भरली आणि ५२ व्या रांगेतील ४९ वा आकडा मागितला, तर यंत्र कसलीही तक्रार करीत नाही. १२९ गुणिले १३५ आणि १३५ गुणिले १२९ यांचा गुणाकार एकच असल्याने एकही आकडा कमी पडत नाही व एकही उरत नाही. परंतु हाती येतो तो सरीतील ६,२४४ वा मणी. तो बिंदू शोधून काढला तर १८.० उत्तर, ७४.७५ पूर्व असा येतो. ही जागा बारामती आणि माळशिरस यांच्या दरम्यान आहे.

या चुकीचे गांभीर्य महाराष्ट्रातील वाचकास वेगळे सांगावयास नको. नेरडीगोंड्याच्या परिसरात वर्षाचा पाऊस सरासरीने हजार मिलिमीटरच्या वर जातो. बारामती-माळशिरसचा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो आणि तेथे त्याच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडतो. कडम खोऱ्यात धो धो कोसळलेल्या दिवशी कागदावर कोरडे ऊन दाखविले जाईल आणि त्या कागदावर सही करणाऱ्यास काही वावगे वाटणार नाही, कारण बारामतीचा आकडाही पावसाचाच आकडा आहे.

याहून मोठी चूक मात्र लवकर पकडली जाते, हे नमूद करण्यासारखे आहे. सीमधील ३६५, १२९, १३५ हा क्रम जसाच्या तसा मॅटलॅबमध्ये उतरविला आणि त्या बिंदूच्या वर्षभराच्या नोंदी मागितल्या, तर मिळणारे सगळे ३६५ आकडे एकाच दिवसाचे, ११ मे या तारखेचे, असतात. आणि ते ३३.७५ ते ३४.२५ या अक्षांशांवरील, म्हणजे काश्मीरच्या पट्ट्यातील, तीन ओळींमधून आलेले असतात. दिवस म्हणून जे वाचले ते वस्तुतः जागा होत्या. या पट्ट्याचा बराच भाग देशाच्या हद्दीबाहेर पडतो आणि हद्दीबाहेरच्या बिंदूंसाठी फाईलमध्ये उणे ९९९ हा आकडा खूण म्हणून ठेवलेला असतो. साहजिकच यादीत उणे ९९९ ची रांग लागते आणि पाहणारा थबकतो.

मितींच्या क्रमाइतकाच त्रास मोजणीच्या आरंभाने होतो. गल्लीतील घरे मोजताना आपण एकपासून सुरुवात करतो. रस्त्यावरील अंतर मात्र शून्यापासून मोजतो. नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडास पहिला दगड असे कोणी म्हणत नाही. फोर्ट्रान, मॅटलॅब, आर आणि ज्युलिया घरे मोजतात. सी आणि पायथन अंतर मोजतात. त्यामुळे नेरडीगोंड्याचा बिंदू पहिल्या गटात ५२ व ४९, तर दुसऱ्या गटात ५१ व ४८. पहिल्या गटाचे आकडे पायथनमध्ये तसेच ठेवले तर बिंदू पाव अंश उत्तरेस व पाव अंश पूर्वेस, म्हणजे इंद्रवेल्ली-उटनूरच्या बाजूस, सरकतो. उलट चूक झाली तर तो निर्मळच्या नैऋत्येस जातो. दोन्ही ठिकाणे शेजारचीच. तेथील पाऊस नेरडीगोंड्याच्या पावसासारखाच दिसतो, चढउतारही बहुधा त्याच दिवशी येतात, आणि म्हणूनच ही चूक बारामतीच्या चुकीपेक्षा अधिक काळ टिकून राहते. ढगफुटीसारखा पाऊस अवघ्या काही कोसांत थांबतो. नेमक्या त्याच दिवशी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

दिवसांच्या बाबतीतही हेच होते. साध्या वर्षात १ जून हा १५२ वा आणि ३० सप्टेंबर हा २७३ वा दिवस असतो. मॅटलॅबमध्ये १५२ ते २७३ असे लिहिले की पावसाळ्याचे १२२ दिवस मिळतात. पायथन शून्यापासून मोजतो व शेवटचा आकडा वगळतो; तेथे १५१ ते २७३ लिहावे लागते. जुने आकडे तसेच ठेवल्यास १२१ दिवस मिळतात आणि १ जूनचा पाऊस निमूटपणे गळून जातो. लीप वर्षात सगळे क्रमांक आणखी एकाने पुढे जातात, हे लक्षात ठेवावयास हवे.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मोठ्या सारणीतून एकच गाव वेगळे काढले की दोन मितींचे काम संपते. त्या मितींचे पुढे काय होते, याविषयी भाषांचे एकमत नाही. नमपायमध्ये क्रमांक देऊन एक बिंदू काढला की उरते ती ३६५ आकड्यांची साधी, एकमितीय यादी. आर भाषाही एकाच आकड्याने उरलेली मिती टाकून देते; ती ठेवावयाची असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. मॅटलॅब मात्र १, १, ३६५ अशी पोकळ चौकट तशीच ठेवतो आणि ती आवळण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. शिवाय मॅटलॅबमध्ये दोहोंपेक्षा कमी मिती असतच नाहीत. यादी एक तर उभी असते किंवा आडवी. नमपायमधील एकमितीय यादी उभीही नसते व आडवीही नसते, आणि तिला उलटविण्याची आज्ञा दिली तरी ती जशीच्या तशी राहते.

हा भेद पंडिती वाटेल. परंतु रोजच्या पावसातून रोजची सरासरी वजा करताना तो समोर येऊन उभा राहतो. पाऊस उभ्या यादीत व सरासरी आडव्या यादीत असेल, तर २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मॅटलॅब प्रत्येक दिवसाच्या पावसातून प्रत्येक दिवसाची सरासरी वजा करून ३६५ गुणिले ३६५, म्हणजे १,३३,२२५ आकड्यांची सारणी हाती देतो. त्यापूर्वीच्या आवृत्त्या येथे चूक दाखवून थांबत असत. नमपायमध्येही एकमितीय यादीतून उभी यादी वजा केली तर हेच घडते. आर भाषेची चाल निराळी : लहान यादी संपली की ती पुन्हा पहिल्यापासून वापरते, आणि मोठ्या सारणीतील आकड्यांच्या संख्येस लहान यादीने पूर्ण भाग जात नसेल तरच इशारा देते. १३५ गुणिले १२९ च्या सारणीतून १२९ अक्षांशांची यादी वजा केली तर भाग पूर्ण जातो. इशारा मिळत नाही, आणि अक्षांशांचे आकडे रेखांशांच्या दिशेने पसरतात.

बेरजेचेही तसेच. मिती न सांगता बेरीज करण्यास सांगितले, तर नमपाय, आर आणि ज्युलिया सगळ्या आकड्यांची मिळून एकच बेरीज देतात. मॅटलॅब ज्या पहिल्या मितीत एकाहून अधिक आकडे आहेत त्याच मितीत बेरीज करून उरलेली सारणी परत करतो. भाषा बदलताना प्रत्येक बेरजेत मितीचे नाव किंवा क्रमांक स्पष्ट लिहिण्याची शिस्त ठेवली तर हा घोटाळा टळतो. आळसाने वाचविलेला एक शब्द येथे फार महाग पडतो.

सरीऐवजी नेटसीडीएफ नावाच्या पद्धतीतही ही सारणी मिळते. तीत मितींची नावे व आकार फाईलमध्येच नोंदलेले असतात आणि ही मोठीच सोय आहे. तथापि तीच फाईल पायथनमध्ये उघडली तर दिवस, अक्षांश, रेखांश असा क्रम दिसतो आणि मॅटलॅबमध्ये किंवा आरमध्ये उघडली तर रेखांश, अक्षांश, दिवस असा. दोन कर्मचारी शेजारी बसून एकच फाईल पाहत असतील तर एकाला दुसऱ्याचे चुकले असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात दोघांचेही बरोबर असते.

पडताळणीचे मार्ग सोपे आहेत. फाईलचा आकार प्रथम पाहावा : प्रत्येक आकड्यास चार बाइट लागतात, म्हणून साध्या वर्षाची फाईल २,५४,२५,९०० बाइटची व लीप वर्षाची २,५४,९५,५६० बाइटची असावयास हवी. एवढ्याने वर्षाचे दिवस पटतात, मितींचा क्रम पटत नाही, हे वर आलेच आहे. क्रम पाहण्यासाठी एका दिवसाची सारणी चित्रासारखी रंगवून पाहावी आणि उणे ९९९ चे बिंदू कोरे ठेवावेत. क्रम बरोबर असेल तर भारताची ओळखीची आकृती उमटते. रांगा व स्तंभ गफलतीने भरले असतील तर तिरके पट्टे दिसतात. आकृती ओळखू येते पण कन्याकुमारी वरच्या बाजूस आहे असे दिसले, तर चित्र वरून खाली काढले गेले आहे. फाईल दक्षिणेकडून सुरू होते. या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करून उत्तरेकडून ५२ वी ओळ मोजली तर नेरडीगोंड्याऐवजी झाशीच्या उत्तरेस, दतियाच्या जवळपास, जाऊन पोहोचावे लागते.

उणे ९९९ हा आकडा बेरजेत जाऊ देता कामा नये, हे तर उघडच आहे. वर्षभर कोऱ्या असलेल्या एका बिंदूची बेरीज उणे ३,६४,६३५ मिलिमीटर येते. ती कोणाच्याही नजरेत भरेल. पण अनेक बिंदूंच्या सरासरीत असा एखादाच आकडा मिसळला तर पावसाळा थोडा कमी झाला असे वाटून गोष्ट तेथेच राहते.

शेवटी सारणीतून काढलेले आकडे मंडलाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदवहीशी ताडून पाहावेत. ते तंतोतंत जुळणार नाहीत, कारण सारणीतील आकडा आसपासच्या अनेक केंद्रांवरून काढलेला असतो. मोठ्या पावसाचे दिवस मात्र जुळले पाहिजेत. सगळेच दिवस एका दिवसाने पुढे किंवा मागे दिसले तर लगेच क्रमांकाची चूक समजू नये. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ वाजता संपतो आणि आदल्या चोवीस तासांतील पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. १२ तारखेच्या रात्री पडलेला पाऊस म्हणूनच १३ तारखेच्या रकान्यात सापडतो. नोंदवहीत तो १२ तारखेस लिहिलेला असेल, तर आधी वही लिहिणाऱ्याची रीत विचारावी आणि नंतर आज्ञावलीत हात घालावा.